मध्यरात्रीचं सोनेगाव

मी आरएमएसचा, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसचा, जुना सॉर्टर. आमच्याकडे गावांमधलं अंतर मैलांत कोणी मोजत नसे. कुठली थैली कुठल्या गाडीला लागते, एवढंच बघायचं. म्हणून नागपूर देशाच्या मधोमध आहे याचं कौतुक झिरो माइलच्या दगडापाशी फोटो काढणाऱ्यांनी करावं. मला त्याचा उपयोग दिसतो तो जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात.

मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. इथे थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल झाली की जो तो आपापल्या वाटेला. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली, त्यामुळे हा थाट साध्या पत्रालाही मिळाला.

आता हिशेब बघा. हवाई अंतराने मुंबई इथून सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५, कलकत्ता ९८५. डाकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जायचं, म्हणजे मुंबईला अडीच तास आणि कलकत्त्याला साडेतीन. सगळ्यांना एका वेळी गाठायचं तर लांबच्याने आधी निघायचं. एकाला उशीर झाला की बाकीचे तिघं खोळंबले. गंमत अशी की मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या दोन्ही सरळ रेषा जवळपास नागपूरवरूनच जातात, त्यामुळे त्या टपालाला वळसा असा नव्हताच. भुर्दंड पडे तो मुंबई-दिल्लीवाल्याला. सरळ अंतर ११४० किलोमीटर आणि नागपूरमार्गे दीड हजारावर, शिवाय अर्ध्या रात्री विमान बदलायचं. तरी सकाळी पोहोचतो म्हटल्यावर कोण कुरकुरणार?

सेवा सुरळीत चालली असं मात्र नाही. पहिली कंपनी काही महिन्यांतच थांबली, मग दुसरीने काम हाती घेतलं आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ते इंडियन एअरलाइन्सकडे आलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मद्रासला निघालेलं डाकोटा इथून उडताच कोसळलं. तेरा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. रात्रीचं उड्डाण म्हणजे काय, ते त्या दिवशी नागपूरला कळलं.

पुढे वेगवान विमानं आली, शहराशहरांत थेट सेवा झाली आणि मध्यरात्रीच्या भेटीची गरज संपली. अमेरिकेत फेडरल एक्सप्रेसने हीच युक्ती वापरून १९७३ मध्ये मेम्फिसला रात्री पार्सलं गोळा करून वाटायला सुरुवात केली. त्याचे गोडवे व्यवस्थापनाचे वर्ग आजही गातात. मिहान या इथल्या मालवाहतूक प्रकल्पाच्या भाषणांतही नागपूर ‘हब’ होणार असं ऐकतो. होणार कसलं, होऊन गेलंय बाप्पा!

घरात त्या काळातली पाकिटं असतील तर रद्दीत घालू नका. शिक्क्यांवरच्या तारखा जुळवून पाहा. पत्राला किती वेळ लागला ते तिथेच कळतं.