थळमोड, आडत आणि ‘किंमत विचारा’: पुण्याच्या पेठांपासून ऑनलाइन घाऊक बाजारापर्यंत

व्यापाऱ्याची व्यापाऱ्याशी गाठ घालून देणारी संकेतस्थळे नेमकी कशावर जगतात, हा प्रश्न सहसा अर्थशास्त्राच्या खात्यात टाकला जातो. या धाग्यात तो पुण्याच्या पेठांच्या अंगाने पाहू. स्वतः काहीही न विकता केवळ बाजार भरवून उत्पन्न काढण्याची कला या शहराला नवी नाही.

पेशवाईत पेठ आपोआप उभी राहत नसे, ती ‘वसवावी’ लागे. अडचण उघड होती. गिऱ्हाईक नाही म्हणून वाणी येत नाही आणि वाणी नाही म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही. यावरचा उपाय म्हणजे कौल. नव्या पेठेत दुकान मांडणाऱ्यास काही वर्षे करांत सूट मिळे. पेठ नांदती करण्याची, तंटे मिटवण्याची, वजनमापांवर नजर ठेवण्याची जबाबदारी शेटे-महाजनांवर असे आणि त्याबदल्यात पेठेतील उलाढालीतून त्यांना वंशपरंपरेने हक्क मिळत. सवलतीची मुदत सरली की जकात आणि मोहतर्फा सुरू.

१९९९ मध्ये चीनच्या हांगचौ शहरात अलीबाबा सुरू झाली, तेव्हा तिनेही आरंभी नोंदणी फुकट ठेवली. निर्यातदारांकडून सभासदत्वाचे शुल्क घेणे नंतर आले. आपल्याकडची इंडियामार्ट १९९६ ची. तिथेही साधी नोंदणी आजही विनामूल्य आहे. हा कौलच म्हणायचा, फक्त त्यावर मोर्तब नाही.

मराठी जकातीच्या शब्दसंग्रहात दोन सुंदर शब्द आहेत: थळमोड आणि थळभरीत. माल जिथे ‘मोडला’, म्हणजे विकला गेला, तिथला कर थळमोड. जिथून तो भरून बाहेर नेला, तिथला थळभरीत. बाजाराच्या कोणत्या टोकाकडून पैसे घ्यायचे, याची ही नेमकी वाटणी आहे. आजच्या संकेतस्थळांना तोच निर्णय घ्यावा लागतो आणि बहुतेकांनी भार विक्रेत्यावर टाकला आहे. खरेदीदाराला प्रवेश मोकळा, कारण तो दिसला तरच विक्रेता पैसे मोजतो.

आता आडतीकडे येऊ. नाना आणि भवानी पेठेतील घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, पण त्याचा कणा आडत्याच राहिला. आडत्या म्हणजे फुकटखाऊ मधला माणूस, हे चित्र अपुरे आहे. तो शेतकऱ्याचा माल स्वतःच्या गाळ्यावर उतरवून घेतो, खरेदीदार गाठतो, आणि खरेदीदाराने उधारीवर नेले तरी शेतकऱ्याची पट्टी चुकती करण्याची जबाबदारी त्याची असते. पैसे बुडाले तर त्याचे बुडतात. शिवाय हंगामाआधी दिलेली उचल आहेच. आडत ही ओळख करून दिल्याबद्दलची दक्षिणा नसून मुख्यतः जोखमीचा मोबदला आहे. म्हणूनच शेतकरी आणि खरेदीदार एकमेकांना ओळखत असूनही त्याला सहज वगळू शकत नाहीत.

अर्थात या जागेचा गैरफायदाही भरपूर घेतला गेला. नियमनापूर्वीच्या बाजारांत आडत, तोलाई, हमाली यांखेरीज कडता, धर्मादाय अशा कितीतरी नावांनी पट्टीतून पैसे कापले जात. भाव ठरे तो हत्ता पद्धतीने: रुमालाखाली हात धरून, बोटांच्या खुणांनी. ज्याचा माल, त्यालाच बोली कळत नसे. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. बाजार चालवणाऱ्याची खरी मिळकत कमिशनात जेवढी असते, तेवढीच इतरांना न दिसणारी गोष्ट आपल्याला दिसण्यात असते.

नियमनाची सुरुवात मात्र पुण्यात झाली नाही. ती वऱ्हाडात झाली. १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. (मँचेस्टरच्या गिरण्यांना खात्रीचा कापूस हवा होता, शेतकऱ्याविषयीचा कळवळा हे त्याचे एकमेव कारण नव्हे.) पुढे मुंबई प्रांतात १९२७ चा कापूस बाजार कायदा, १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आणि महाराष्ट्रात १९६३ चा कायदा. उघड लिलाव, परवानाधारक तोलणार, ठरलेली आडत आणि बाजार समितीचा सेस या सर्वांची ही वंशावळ आहे. हमालांच्या पाठीवरचे ओझे कायद्याला दिसायला अधिक वेळ लागला. त्यासाठी पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहावी लागली. माथाडी कायदा १९६९ चा.

२०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. थळमोडीचे ओझे थळभरिताकडे सरकले, असे गमतीने म्हणता येईल. खरेदीदार तेवढीच बोली कमी लावणार, हा आक्षेप खरा आहे. तरी पट्टीवरून एक ओळ कमी झाली, हेही खरे. त्याच वर्षी १४ एप्रिलला केंद्राचा ई-नाम मंच सुरू झाला.

मग संकेतस्थळे आडत का घेत नाहीत? काही घेतात. उधारी आणि वाहतूक आपल्या अंगावर घेणाऱ्या उडानसारख्या कंपन्या आडत्याच्याच वाटेने गेल्या. परंतु भोसरीतला एखादा कारखानदार संकेतस्थळावरून नाशिकचे गिऱ्हाईक मिळवतो, तेव्हा पहिल्या व्यवहारानंतर दोघे थेट फोनवर बोलतात. माल कसा आहे, पैसे बुडतील काय, याची हमी संकेतस्थळाने घेतलेलीच नसते. मग दुसऱ्या व्यवहाराचे कमिशन त्याला कोण देणार? म्हणून ते नाक्यावरच वसुली करते: वार्षिक वर्गणी, यादीत वरचे स्थान, आणि खरेदीदारांच्या चौकश्यांची विक्री. एकच चौकशी अनेक विक्रेत्यांच्या हाती पडू शकते. सौदा झाला नाही तरी वर्गणी परत मिळत नाही. जोखीम विक्रेत्याकडे राहते, नाका संकेतस्थळाकडे.

यांतील एखादे पान उघडून पाहा. मालाचे छायाचित्र, मापे, विक्रेत्याचे गाव, सारे असते. भावाच्या जागी पुष्कळदा फक्त ‘किंमत विचारा’ असे बटण असते. त्यात विक्रेत्याचीही सोय आहे, कारण घाऊक भाव प्रमाणावर आणि पतीवर ठरतो आणि शेजाऱ्याला तो कळू द्यायचा नसतो. पण ते बटण दाबले की चौकशी तयार होते, आणि चौकशी हाच संकेतस्थळाचा विकाऊ माल. भाव उघडा लिहिला असता, तर ते बटण फार कमी जणांनी दाबले असते.

मोहतर्फ्यावर स्वतंत्र धागा नंतर लिहीन.