सुटलेल्या डब्यांचा ब्रेक

अमेरिकेत चालत्या घरासारख्या मोठ्या गाडीमागे आपली मोटार जोडून लोक प्रवासाला निघतात. मागच्या मोटारीला एक तार असते; जोडणी तुटली की ती ओढली जाऊन मोटारीचा ब्रेक लागतो. ही कल्पना मूळची रेल्वेची. तिची किंमत काय, हे आपल्याला आर्मा येथे दिसते.

१२ जून १८८९. आयर्लंडमधील आर्माहून सहलीची गाडी निघाली. डब्यांत बरीचशी शाळेची मुले. चढावर इंजिन थांबले. गाडी दोन खेपांत न्यायचे ठरले आणि पुढचे पाच डबे सोडवले. इथेच घात झाला. इंजिनाने नळीतली हवा खेचली, तरच बाहेरच्या हवेच्या दाबाने ब्रेक लागत. नळी सोडताच हवा आत शिरली आणि मागचे डबे मोकळे झाले. उरला गार्डचा हातब्रेक आणि चाकांखालचे दगड. पुढचा भाग किंचित मागे सरला, धक्का बसला, दगडांचा चुरा झाला. दहा डबे उतारावरून जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण दगावले.

आम्हांला खटकते ते वेगळेच. वेस्टिंगहाऊस यांनी १८७२ सालीच उलटी रचना केली होती: नळीतला दाब ब्रेक सोडून धरतो, तो गेला की डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावते. मग सतरा वर्षे सक्ती का नव्हती? ब्रिटिश संसदेने कायदा केला तो अपघातानंतर, त्याच वर्षी. आपण गाडीत साखळी ओढतो तेव्हा याच नळीतला दाब जातो.