भार किती, आणि सरळ किती?

डेव्हिड कर्कल्डी यांनी १८६६ मध्ये लंडनला चाचणीशाळा उघडली आणि धातूची ताकद मोजून सांगणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. पण मोजलेला भार नमुन्याच्या अक्षातूनच जातो का, हे तपासणे सोपे झाले ते १९३८ मध्ये सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या, पृष्ठभागावर चिकटवून तिथली ताणवाढ मोजणाऱ्या स्ट्रेन गेजमुळे. नमुन्याभोवती नव्वद अंशांवर चार गेज लावायचे. वाचने वेगळी आली, तर नमुना वाकतो आहे. मग तो १८० अंश फिरवायचा, म्हणजे दोष नमुन्याचा की यंत्राचा ते कळते.

कुणी म्हणेल, यंत्राला कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र आहेच. ते एकूण भाराची ग्वाही देते, त्याच्या वाटेची नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मऊ पोलाद ताणले की वाकण्याचा परिणाम बराचसा विरतो. खरे आहे. पण कोल्हापूरची ओळख फौंड्रीची, आणि करडे बीड असे सैलावत नाही. २० मिमी व्यासाच्या गोल नमुन्यात भार ०.२५ मिमी बाजूला सरकला, तरी एका कडेला ताण सुमारे १० टक्के वाढतो. चांगले ओतकाम मग विनाकारण कमजोर ठरते. याच जिल्ह्यातल्या इचलकरंजीत चाचणी यंत्रे बनतात, कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात १९८४ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इथल्या प्रयोगशाळांनी भाराइतकीच सरळपणाचीही नोंद ठेवावी.