लोडिंग ॲनिमेशन

लोडिंग ॲनिमेशन : मोबाइल ॲपमध्ये माहिती येईपर्यंत किंवा काम पुरे होईपर्यंत पडद्यावर चालणारी लहानशी हालचाल. गरगरणारे चक्र, भरत जाणारी पट्टी, मजकुराच्या जागी लकाकणारे करडे ठोकळे ही तिची नेहमीची रूपे. तिच्यामुळे सर्व्हरचे उत्तर लवकर येत नाही. ताटकळणे तेवढे सुसह्य होते.

ती केव्हा दाखवावी याचा ठोकताळा वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये दिला. ०.१ सेकंदात मिळालेला प्रतिसाद तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची तंद्री मोडत नाही, १० सेकंदांपुढे लक्ष उडते. त्यामुळे सेकंदाच्या आत उरकणाऱ्या कामाला चक्र लावले, तर पडदा नुसताच लुकलुकतो.

ल्यूक व्रॉब्लेव्स्की यांच्या ‘पोलार’ या मतचाचण्यांच्या ॲपचा अनुभव याहून बोलका आहे. त्यात चक्रे घातल्यावर तक्रारी आल्या, की ॲप संथ झाले! चक्राने लोकांना घड्याळाकडे बघायला लावले होते. मग चक्रे काढून येणाऱ्या पानाचा रिकामा आराखडा आधी दाखवला आणि मजकूर, चित्रे हाती येतील तशी त्यात भरली. २०१३ मध्ये व्रॉब्लेव्स्की यांनी या रीतीला ‘स्केलेटन स्क्रीन’ म्हटले. पंगतीत पाने मांडली की वाढपी निघाले हे कळते, तसेच हे.

पट्टीतही गंमत आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की पट्टीवरचे पट्टे उलट दिशेने, वेग मंदावत सरकवले, तर तोच अवधी सुमारे ११ टक्क्यांनी कमी भासतो. ही नजरबंदीच, पण निरुपद्रवी.

पैशांच्या व्यवहारात मात्र ती चालत नाही. यूपीआयने पैसे पाठवताना बँकेचे उत्तर येण्याआधी हिरवी खूण उमटली, तर दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात वाद ठरलेला. तिथे साध्या चक्राखाली ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढी ओळ पुरते.

एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुले केलेले ‘लॉटी’ हे साधन अशा हालचाली व्हिडिओऐवजी आकृत्यांच्या वर्णनाची फाइल म्हणून साठवते, त्यामुळे त्या लहान-मोठ्या पडद्यांवर रेखीव राहतात. छायाकृतींचे ॲनिमेशनपट करणाऱ्या जर्मन दिग्दर्शिका लॉटे रायनिगर यांच्यावरून हे नाव आले.

काहींना पडद्यावरच्या हालचालीने गरगरते, मळमळते. त्यांच्यासाठी आयफोनमध्ये ‘रिड्यूस मोशन’ ही सोय आहे. ती चालू असल्यास ॲपने अशी हालचाल कमी करणे किंवा टाळणे अपेक्षित असते.