डिचोलीतले बिशप आणि एकीचा प्रश्न

सतराव्या शतकात डिचोलीत एक ख्रिस्ती बिशप राहत होते, हे सांगितले की आमच्या पेडणे-डिचोलीकडची माणसे चकित होतात. गोव्याचा ख्रिस्ती इतिहास म्हटला की आपल्याला तिसवाडी, बार्देस, सासष्टी आठवते. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती 1781 साली आणि पेडणे 1788 साली. तोवर धर्मांतराच्या सक्तीचा जोर ओसरला होता. मग हे बिशप आले कुठून?

आले दिवाडी बेटावरून. याच दिवाडीचा सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला होता. देवाला हलवावे लागले परधर्मीयांच्या जाचामुळे. बिशपांना डिचोली गाठावी लागली ती स्वधर्मीयांमुळे!

त्यांचे नाव मातेउस द कास्त्रो. घराणे ब्राह्मण ख्रिस्ती. गोव्याच्या आर्चबिशपने पाद्री करायला नकार दिला, तेव्हा ते रोमला गेले. तिथे पाद्री झाले आणि 1637 साली बिशप. पण गोव्यातल्या धर्मसत्तेने त्यांना मानले नाही. इथल्या चर्चवर हक्क पोर्तुगालच्या राजाचा, त्याला म्हणत 'पाद्रुआदो'. रोमने नेमलेला बिशप, त्यात तो गोमंतकीय, हे कसे चालावे? शेवटी त्यांनी आदिलशाही मुलखात, म्हणजे डिचोलीत, ठाण मांडले.

सगळे ख्रिस्ती एकच, असे शिकवणाऱ्यांनीच एका ख्रिस्ती माणसाला दाराबाहेर ठेवले. ही एकी कसली?

बायबलमध्ये एकीच्या दोन गोष्टी आहेत. बाबेलला सगळ्यांची भाषा एक होती. स्वतःचे नाव व्हावे म्हणून त्यांनी आकाशाला भिडणारा बुरूज उभारायला घेतला. देवाने ती एकी मोडली. पेंटेकॉस्टच्या दिवशी मात्र नाना देशांच्या लोकांना एकच संदेश आपापल्या भाषेत ऐकू आला. तिथे कुणाला आपली बोली टाकावी लागली नाही. मला वाटते, खऱ्याखोट्या एकीची कसोटी इथेच आहे. 1684 साली गोव्यात फर्मान निघाले, लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. हा बाबेलचाच बुरूज नव्हे काय?

पण कास्त्रोंनाही मोकळे सोडता येत नाही. 1653 साली त्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध लिहिले, ते ब्राह्मणांना उद्देशून. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी उभारलेली एकीही जातीच्या कुंपणात अडकली. आदिलशहाला गोव्यावर चढाईसाठी चिथावल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. समान शत्रू माणसांना जवळ आणतो, पण तेवढ्याने ती भाऊ होत नाहीत. 1677 साली ते रोममध्येच वारले.

भांडण पुढच्या पिढीतही चालू राहिले. कास्त्रोंचे पुतणे तोमास द कास्त्रो रोमच्या वतीने कानडा मुलखात बिशप होते. 1681 साली गोव्याच्या चर्चने तिथे जुझे वाझ यांना पाठवले. अधिकार कुणाचा, यावरून तिथले ख्रिस्ती दुभंगले होते. वाझनी बिशपांशी सलोखा साधला आणि खरी सेवा चालू ठेवली. पुढे 1687 साली ते लंकेला गेले. कँडीत देवीची साथ आली तेव्हा धर्म न पाहता त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. 2015 साली पोप फ्रान्सिसनी त्यांना संतपद दिले.

आज कुणी एकीची हाक दिली की मी आधी बघतो, दाराबाहेर कुणाला उभे केले आहे. डिचोलीच्या त्या बिशपांनी मला एवढे शिकवले.