दोन तासांची फीत

चांगली वस्तू मागे पडते आणि सुमार वस्तू बाजार जिंकते, याचा दाखला द्यायचा झाला की बीटामॅक्सचे नाव हमखास निघते. मीही अनेक वर्षे तो देत असे. त्या काळची यंत्रे आणि त्यांच्या फितींची लांबी शेजारी शेजारी मांडून पाहिल्यावर मात्र मला तो सोडून द्यावा लागला.

सोनीने बीटामॅक्स 1975 साली बाजारात आणले. अमेरिकेत विकलेले पहिले यंत्र दूरचित्रवाणी संचासह लाकडी कपाटात बसवलेले होते. किंमत 2,495 डॉलर. कॅसेट आटोपशीर, चित्र स्वच्छ, पण मुद्रण एकच तास. पुढच्या वर्षी जेव्हीसीचे व्हीएचएस आले. त्याची कॅसेट बोजड, पण तीत दोन तास मावत. हा योगायोग नव्हता. शिझुओ ताकानो आणि युमा शिराइशी यांच्या चमूने 1971 मध्येच घरगुती यंत्राच्या गरजांचा तक्ता केला होता आणि त्यात निदान दोन तासांच्या मुद्रणाची अट होती.

हा फरक गिऱ्हाइकाच्या जागी बसून पाहावा. आपण घरी नसताना लागणारा कार्यक्रम पकडून ठेवायचा, म्हणून तर यंत्र घ्यायचे. चित्रपट निम्म्यावर येताच फीत संपणार आणि दुसरी घालायला घरात कोणी नाही! शेवटच हाती लागणार नसेल, तर नितळ चित्राचे काय करायचे? अमेरिकेच्या आरसीए कंपनीला तर दोन तासही अपुरे वाटले, कारण तिथला फुटबॉलचा सामना तीन तासांच्या पुढे जातो. तिच्यासाठी मात्सुशिताने फितीचा वेग निम्मा केला आणि 1977 मध्ये चार तासांचे यंत्र निघाले. चित्र थोडे बिघडले. लोकांनी चालवून घेतले. सोनीनेही मग वेग उतरवून दोन तास साधले. म्हणजे ज्या सुबक चित्राचा आजवर गवगवा होतो, त्यातला काही भाग सोनीनेच आपण होऊन सोडला होता.

घरच्या मुद्रणाविरुद्ध युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर भरलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 1984 साली 5 विरुद्ध 4 मतांनी सोनीच्या बाजूने सुटला. तोवर बाजार व्हीएचएसकडे झुकला होता. खटला सोनीने लढवला, फळ इतरांनी चाखले. 1988 मध्ये सोनी स्वतःही व्हीएचएस यंत्रे विकू लागली.

फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी तीसहून अधिक वर्षे घरी बातम्या मुद्रित केल्या. 2012 मध्ये त्या वारल्या तेव्हा मागे सुमारे 70,000 कॅसेट होत्या. फीत लांब नसती, तर हे एका घराला झेपले नसते.

माझ्याकडे ओळखीच्यांनी टाकायला काढलेल्या दहा-बारा कॅसेट आहेत, मुंबई दूरदर्शनच्या. काटकसर म्हणून मंद गतीवर भरलेल्या दोन कॅसेटमध्ये नाटक संपल्यावरही यंत्र चालूच राहिले आहे: निवेदिका, बातम्या, मग ‘व्यत्यय’ची पाटी. चित्र धूसर आहे, कडेने बुरशी धरली आहे. फुनाई या जपानी कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. माझे यंत्र त्याआधीच बंद पडले. मंद गती वाचणारे दुसरे मी दोन वर्षे शोधतो आहे.