पान उलटणारा

कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या ठाकर समाजाची चित्रकथी आपल्याकडे लोकचित्रकलेच्या सदरात घातली जाते. हे वर्गीकरण अपुरे आहे. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या पानांचा संच. एका पोथीत एक आख्यान. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणून पानाच्या दोन्ही अंगांना चित्र. कथेकरी पान उभे धरतो, वीणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीने प्रसंग गातो, सांगतो आणि मग पान उलटतो. कोणते चित्र किती वेळ समोर राहील आणि त्यात काय पाहायचे, हे तोच ठरवतो. चित्र, काळ आणि आवाज यांची ही जुळणी पाहता चित्रकथी आजच्या व्हिडिओ कलेच्या अधिक जवळची वाटते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांनी चित्रकथीची चित्रे जपली, हे ऋण मोठेच. पण पान एकदा चौकटीत बसले की त्याची एक बाजू भिंतीकडे जाते आणि कथेकऱ्याच्या जागी दोन ओळींची पाटी येते. एवढ्याने काय बिघडते?

तैवानचे कलावंत चेन चिए-जेन यांच्या एका कृतीत याचे उत्तर सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये ‘लिंगची’ ही शिक्षा होती: जिवंत माणसाच्या शरीराचे तुकडे करत त्याला मारायचे. १९०५ मध्ये ती रद्द झाली. त्याच सुमारास फ्रेंच सैनिकांनी अशा शिक्षेची छायाचित्रे घेतली. पुढे १९६१ च्या आपल्या पुस्तकात जॉर्ज बाताय या फ्रेंच लेखकाने त्यातल्या मरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर परमानंद वाचला. त्या माणसाचे नाव-गाव, त्याची बाजू सांगणारे कुणी चित्राशेजारी उभे नव्हते. जो बोलला, त्याचा अर्थ चित्राला चिकटला.

चेन यांनी २००२ मध्ये तेच छायाचित्र तीन पडद्यांवर, संथ गतीने, जवळजवळ निःशब्दपणे पुन्हा उभे केले. त्यांचा कॅमेरा जखमांतून आरपार जातो. पलीकडे दिसतात बीजिंगच्या उद्ध्वस्त ग्रीष्म-राजवाड्याचे अवशेष, जपानी सैन्याची मानवी प्रयोगांची जागा, तैवानमधले बंद पडलेले कारखाने. एका माणसाची वेदना अशी साऱ्या प्रदेशाच्या इतिहासाला जोडली जाते. बाताय यांनी लावलेला अर्थ पुसता येत नाही, पण तो एकटाही उरत नाही. चेन यांनी पान उलटले आहे.

पिंगुळीत हे भान जागे आहे. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे पोथीबरोबर ती सांगणारे घरही आहे. आता जुन्या पोथ्यांची संगणकीय छायाचित्रे घेण्याचे काम जो कुणी हाती घेईल, त्याने पानांचा क्रम, दोन्ही बाजू आणि कथेकऱ्याचा आवाज एकत्रच नोंदवावा. चित्रे पुढच्या पिढीपर्यंत पोचतीलच. पण सांगणारा सुटला, तर त्यांचा अर्थ पाटी लिहिणाऱ्याच्या हाती जाईल.